गुलाबी पत्रक आणि अक्काची दोन वर्षं

गावच्या मुलीनं काही जिंकलं म्हणून तुम्ही चौकात अभिनंदनाचा फलक लावलात, तेव्हा त्यावर काय छापायचं हे तिला विचारलं होतं का?

मी विचारलं नव्हतं. फलक लावण्याइतकी आमची ऐपत नव्हती, म्हणून मी पत्रक छापलं. गुलाबी कागद, काळी शाई, वर छापखान्यात तयार होतं ते बाणाचं चित्र. त्या पत्रकामुळे माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, फुटबॉलमधली दोन वर्षं गेली. सतरावं आणि अठरावं. ज्यांनी कुठलाही खेळ मनापासून खेळलाय त्यांना ही दोन वर्षं म्हणजे काय ते कळेल. हे मी कुणाची माफी मागायला लिहीत नाही. जिची मागायची तिची मागून झाली. आमच्या तालुक्यात मुली आजही खेळतात आणि आजही नोंदणीचे अर्ज न वाचताच भरतात, म्हणून लिहिते.

आमचं घर कर्नाटकात, बीदर जिल्ह्यातल्या हळ्ळीखेडला, बौद्धवाड्यात. अप्पा हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर जात. माय दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जाई. अप्पांकडे एक पत्र्याची पेटी होती आणि तीत फक्त पत्रकं होती. मोर्च्याची, सभेची, धम्म शिबिराची, डोळे तपासणीची, बियाणं कंपनीची, म्हैस हरवल्याची. ज्या वयात इतर मुलं अंकलिपी वाचतात त्या वयात मी "जाहीर निषेध" आणि "प्रचंड बहुमतानं" हे शब्द वाचत होते. अप्पांचा एकच नियम होता. पत्रक हातात आलं की आधी तळ बघायचा.

"खाली नाव हाय का बघ. ज्याच्या खाली छापणाऱ्याचं नाव न्हाई, त्ये चुलीत घाल."

मला हा नियम फार आवडायचा. अजूनही आवडतो.

अक्काला कागदाचं वेड नव्हतं. ती पाचवीत असताना शाळेला सरकारी खेळसाहित्याचं एक खोकं आलं. क्रिकेटचं किट मोठ्या मुलांनी नेलं, व्हॉलीबॉल गुरुजींनी घेतला, कॅरम मुख्याध्यापकांच्या खोलीत गेला. फुटबॉल उरला, कारण तो कुणाला नको होता. तो मुलींना मिळाला. अक्काचा फुटबॉल असा सुरू झाला, दुसऱ्यांनी टाकलेल्या चेंडूनं. शाळेमागचं मैदान लाल मुरमाचं. दोन दगड इकडे, दोन दगड तिकडे. आठवड्याभरात इतर मुली कंटाळल्या, अक्का राहिली. ती शाळेच्या भिंतीशी एकटी खेळायची. भिंत चेंडू परत देते आणि तोंडानं काही बोलत नाही, असं ती म्हणायची.

बोलणारे बरेच होते. आमच्या गल्लीतली एक काकू नळावर मायला म्हणाली, "तुझी पोरगी चड्डी घालून पळायलीय गं मैदानावर. बरं दिसतंय का?"

माय घागर भरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुझी साडी नेसून पळाली, तवा म्या काय म्हणलं व्हतं का?"

त्यानंतर वर्षभर त्या काकूंनी आमच्याकडे विरजणसुद्धा मागितलं नाही.

अक्काला खेळ शिकवला तो हुमनाबादच्या हायवेवर लॉऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीनं. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. तरुणपणी हैदराबादेत ते एका संघातून खेळले होते आणि अजूनही धाब्यामागच्या मोकळ्या जागेत पाच-सहा पोरांना खेळवत. अप्पा पाळी संपवून येताना हे बघत. एक दिवस अक्काला घेऊन गेले. उस्तादांनी तिला पाच मिनिटं खेळताना पाहिलं, हात पुसले आणि विचारलं, "बायाँ पैर किसने सिखाया?"

"कुणी न्हाई," अक्का म्हणाली.

"अच्छा हुआ. नई तो बिगाड देते."

अक्काचा डावा पाय ही तिची खरी ताकद. उजव्या पायानं ती चालते एवढंच, असं उस्ताद चिडवायचे. पण त्यांनी तिला शिकवलं ते पायाचं नव्हतंच, मानेचं होतं. चेंडू यायच्या आधी खांद्यावरून मागं बघायचं. "गेंद आने के बाद तो सब देखते. तू पहले देख." आठवड्यातून तीन दिवस ती शाळा सुटल्यावर बसनं हुमनाबादला जायची. गॅरेजातल्या रिकाम्या टायरांच्या मधून चेंडू न्यायचा, मान फिरवायची, उस्ताद मागं उभे राहून बोटं दाखवत ती किती ते सांगायचं. चुकलं की परत. तिची मान दुखायची. माय रात्रीचं जेवण झालं की तेल चोळून द्यायची आणि म्हणायची, "चेंडू पायानं खेळतेत म्हणं, आन् दुखायलीय मान."

पंधराव्या वर्षी ती आमच्या भागातल्या मुलांत खेळायला लागली, कारण मुलींचा पुरा संघ जमत नव्हता. सोळाव्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत उदगीरला आत्याकडे गेली. आता इथं जरा थांबते, कारण सगळं इथंच आहे.

उदगीर महाराष्ट्रात आहे. हे नकाशावर खरं आहे. पण आमच्या घरात कुणी "मी महाराष्ट्रात चाललोय" असं म्हणत नाही. "आत्याकडं जायलोय" म्हणतात. आत्या उदगीरची, मामा देवणीकडचे, एक चुलती जहिराबादेकडची. लग्नाला गेलो तर लातूर जिल्हा, बाळंतपणाला आलो तर बीदर जिल्हा. आमच्या गावातली कबड्डीची पोरं दर जत्रेला मामाच्या गावाकडून खेळतात आणि पुढच्या आठवड्यात आपल्या गावाकडून, मामाच्या गावाविरुद्ध. त्यात कुणाला काही चुकीचं वाटत नाही. सीमा आमच्यासाठी बसचं तिकीट बदलायची जागा आहे.

तर उदगीरला आत्याच्या शेजारची एक मुलगी तिथल्या क्लबात खेळायची. त्यांना डाव्या बाजूला खेळाडू हवी होती. अक्काला विचारलं, ती गेली. क्लबच्या बाईंनी तिच्याकडून मराठीत एक अर्ज भरून घेतला, पत्ता आत्याचा लिहिला. नोंदणी झाली. सुट्टीत लातूर जिल्ह्याच्या स्पर्धेत तो क्लब अंतिम सामना जिंकला आणि दोन्ही गोल अक्कानं केले. ती परत आली तेव्हा तिच्याकडे एक स्टीलचा चषक होता, त्यात माय नंतर हळद ठेवायची.

त्याच हंगामात, थंडी सरता सरता, कलबुर्गीला निवड चाचणी झाली. कर्नाटकाच्या कनिष्ठ मुलींच्या संघाचं शिबिर पुढं तिथंच भरणार होतं, त्यासाठी आमच्या भागातून मुली निवडायच्या होत्या. उस्ताद स्वतः गॅरेज बंद ठेवून तिला घेऊन गेले. अक्का निवडली गेली. शिबिराचा अर्ज घरी आला, चार पानांचा, कन्नडमध्ये.

अप्पा कारखान्यात दिवसभर कन्नड बोलत. भांडत तर फक्त कन्नडमध्येच. पण वाचता एक अक्षर यायचं नाही. अक्का मराठी शाळेतली, पण कन्नड विषय पहिल्यापासून होता, तिला चांगलं वाचता यायचं. अप्पांनी विचारलं, "काय लिवलंय?"

"नेहमीचंच हाय, अप्पा. नाव, गाव, रक्तगट. सही करा."

अप्पांनी सही केली. तिसऱ्या पानावर एक ओळ होती. खेळाडू या हंगामात इतर कोणत्याही राज्याच्या संघटनेकडे नोंदलेली नाही, असं पालक आणि खेळाडू दोघांनी लिहून द्यायचं होतं. अक्कानं ती ओळ वाचली होती. हे तिनं नंतर मला सांगितलं. वाचली आणि पुढं गेली. "इतर राज्य" म्हटल्यावर तिच्या डोळ्यांसमोर केरळ आलं, गोवा आलं. आत्याचं घर आलं नाही.

ज्या घरात पेटीभर पत्रकं जपून ठेवली होती, त्या घरानं तो एक कागद नीट वाचला नाही.

आता माझं काम. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि मला वाटायचं की जगातला सगळा अन्याय एका चांगल्या पत्रकानं दूर होतो. गावात एका पुढाऱ्याच्या पुतण्यानं मोटारसायकल घेतली तरी फलक लागायचा, त्यात पुढाऱ्याचा फोटो मोठा आणि मोटारसायकलचा लहान. आमच्या वाड्यातली मुलगी राज्याच्या शिबिरात गेली त्याबद्दल चौकात एक अक्षर नव्हतं. मला याचा प्रचंड राग आला. तो राग चुकीचा नव्हता, आजही मी तो मागे घेत नाही. अप्पा जिथं पत्रकं छापून घेत त्या हुमनाबादच्या छापखान्यात मी एकटी गेले. छापखानेवाले काका मला ओळखत होते. कागद कुठला हवा विचारल्यावर मी गुलाबी म्हणाले, कारण तो लांबून दिसतो.

मजकूर मला अजून पाठ आहे. पाठ नसता तर बरं झालं असतं.

"तालुक्यातील तमाम जनतेस कळविण्यास अत्यंत अभिमान वाटतो की, ज्या डाव्या पायाने दिवाळीत लातूर जिल्ह्याचा अंतिम सामना जिंकून दिला, तोच डावा पाय आता कर्नाटकाच्या शिबिरात! एकाच हंगामात दोन राज्ये गाजविणारी आपल्या मातीतील कन्या! सीमा माणसांनी आखल्या, चेंडूला त्या ठाऊक नाहीत!"

खाली माझं पूर्ण नाव, नियमाप्रमाणे.

अक्का तोवर शिबिराला गेली होती. अप्पांनी पत्रक वाचलं आणि त्यांचे डोळे भरले. उस्तादांना मराठी वाचता यायचं नाही, त्यांनी कागद उलटासुलटा करून विचारलं, "इस में मेरा नाम है क्या?" मी नाही म्हणाले. "ठीक है. नाम नई तो झंझट नई." मी बसस्टँडवर वाटलं, बाजारात चिकटवलं आणि कलबुर्गीच्या बसमध्ये कंडक्टरला एक गठ्ठा देऊन सांगितलं, "अण्णा, वाटत जावा." त्या भल्या माणसानं तो वाटला. कमलापूरपर्यंत माझं पत्रक केळी घेणाऱ्या बायकांच्या हातात होतं, असं पुढं कुणीतरी सांगितलं. मला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्यातलं एक पत्रक शिबिरातल्या दुसऱ्या एका मुलीच्या आईच्या हाती पडलं. तिची मुलगी राखीव यादीत होती. त्या बाईंनी पत्रक घडी घालून निवड समितीला दिलं. मला त्या बाईंबद्दल बरीच वर्षं राग होता. आज नाही. त्यांनी छापलेलं वाचलं आणि अर्जातली ओळही वाचली. आमच्यापेक्षा जास्त काळजीनं वाचली.

चौथ्या दिवशी निरोप आला, मुलीला आणि पालकांना कलबुर्गीला समितीपुढं बोलावलंय. अप्पा रजा टाकून निघाले. मला घरी ठेवत होते, मी ऐकलं नाही. बसमध्ये अप्पांनी एकदाच विचारलं, "पत्रकात लिवलेलं समदं खरं हाय ना?" मी व्हय म्हणाले. ते खिडकीबाहेर बघत बसले.

खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला कुठल्यातरी संघाचे फोटो. अक्का आधीच उभी होती, शिबिराच्या निळ्या टीशर्टात. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. समितीचे एक वयस्कर साहेब बोलले. ते कन्नडमध्ये बोलत होते, मी मराठीत लिहिते. त्यांच्या हातात माझा गुलाबी कागद होता. कुणीतरी मागच्या बाजूला त्याचं कन्नड भाषांतर पेन्सिलीनं लिहिलं होतं.

"हे कुणी छापलं?"

"म्या," मी म्हणाले. 

साहेबांनी चष्मा काढला. त्यांना हसू आलं असावं. "किती वर्षांची गं तू?"

"चौदा."

ते अप्पांकडे वळले. "हे बघा. मुलगी चांगली खेळते, मी स्वतः पाहिलंय. ही लहान पोर. बहिणीचं कौतुक म्हणून काहीबाही लिहिलं असेल. पत्रकातली लातूरची गोष्ट खोटी आहे, पोरीनं हौसेनं लिहिलीय, असं दोन ओळीत लिहून द्या. सही करा. मी फाईल बंद करतो."

दार उघडं होतं. एवढं सोपं होतं. मी लगेच म्हणाले, "मी लिवते, अप्पा. मी खोटं छापलं म्हणून लिवते. कागद द्या."

  अप्पांनी आयुष्यभर आम्हाला एकच गोष्ट शिकवली होती, छापलेल्याच्या मागं नावानिशी उभं राहायचं, आणि आता मुलीचं शिबिर त्यांच्यासमोर टेबलावर पडलं होतं. त्यांनी अक्काकडे पाहिलं. "तू सांग, बाई. तुझं हाय."

अक्का मला म्हणाली, "तू गप बस." मग साहेबांकडे वळून सरळ कन्नडमध्ये म्हणाली, "खरं आहे, सर. मी दिवाळीत उदगीरकडून खेळले. तिथं माझी नोंदणी झालीय. ते दुसरं राज्य आहे हे मला सुचलं नाही."

साहेबांनी गुलाबी कागद फाईलला लावला. "सुचलं नाही," ते म्हणाले. "बीदरकडच्या मुलींचं हे दरवेळी होतं." मग त्यांनी अप्पांना पुढचं सांगितलं. उदगीरच्या क्लबकडून एक ना हरकत पत्र आणलं असतं, एका पानाचं, तर काहीच अडचण नव्हती. अर्ज भरण्याआधी आणायचं. आता खोटं लिहून दिल्याची नोंद झाली होती. दोन वर्षं कुठल्याही मान्यताप्राप्त सामन्यात खेळता येणार नाही.

त्याच दिवशी अक्का आमच्याबरोबर परत आली. राखीव यादीतली ती मुलगी तिच्या जागी गेली.

साहेबांना ती खरं का बोलली, याची तिनं वेगवेगळी उत्तरं दिली. मायला म्हणाली, "उदगीरच्या पोरी मला वळखतेत. आज न्हाई तर उद्या कुणी बी सांगितलं असतं." उस्तादांना म्हणाली, खोटं बोलून मैदानावर गेले असते तर मान मागं वळली नसती. मला तिनं काहीच सांगितलं नाही. ती माझ्याशी मीठ, पाणी, दिवाबत्ती यापलीकडे बोलत नव्हती. असं पाच-सहा महिने चाललं. मी त्या काळात एकही ओळ लिहिली नाही. हा काही त्याग नव्हता. हात धजत नव्हता.

ती मात्र एक दिवस थांबली नाही. उस्ताद म्हणाले, "दो साल है ना? दायाँ पैर बना." म्हणून तिनं दोन वर्षं उजव्या पायानं चेंडू मारला. डाव्यानं मारला की उस्ताद ओरडायचे. मान्यतेच्या बाहेरच्या सामन्यांना बंदी नव्हती, म्हणून ती बसवकल्याणकडच्या गावांतल्या स्पर्धांत मुलांच्या संघातून खेळायची. बक्षीस प्रेशर कुकर नाहीतर बोकड. राजेश्वर गावी एका सामन्याआधी समोरच्या संघाचा कप्तान अडून बसला.

"पोरगी चालणार न्हाई. आमच्या पोरांला लागलं तर?"

उस्ताद म्हणाले, "पिछले साल अंडर-सतरा में तुमारा गोलकीपर दो बच्चों का बाप था. तब कौन पूछे?"

लोक इतके हसले की कप्तानाला मागं हटावं लागलं. अक्कानं त्या सामन्यात उजव्या पायानं गोल केला. मी कडेला उभी होते. ती पळत पळत माझ्या जवळून गेली आणि म्हणाली, "बघितलीस का?" आमचं बोलणं तिथून परत सुरू झालं. बोकड आम्ही घरी आणला नाही, संघातल्या मुलांनी तिथंच त्याचा निकाल लावला.

बंदी संपली त्या दिवशी ती कलबुर्गीला गेली आणि बंदी संपल्याचं लेखी पत्र मागून घेतलं. तिथले लोक म्हणाले, गरज नाही, आपोआप संपते. ती म्हणाली, मला कागद पाहिजे. दोन तास बसून राहिली, कागद घेऊन आली.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते कुठंतरी नोंदलेलं आहे. कलबुर्गीत कॉलेज केलं, विद्यापीठाच्या संघातून खेळली, शेवटच्या वर्षी कप्तान होती. दोन वर्षं राज्याच्या वरिष्ठ महिला संघात होती. बहुतेक वेळ बदली खेळाडू म्हणून बाकावर, पण ज्या सामन्यांत उतरली त्यांत ती दोन्ही पायांनी खेळली, आणि असं खेळणाऱ्या फार नव्हत्या. बंगळुरूच्या एका क्लबकडून दोन हंगाम. तिथं पहिल्या आठवड्यात तिला विचारलं, घरी कुठली भाषा बोलता? मराठी म्हटल्यावर, मग कर्नाटकाच्या संघात कशा? म्हणाली, "आमच्याकडं तीन बोलतेत. तुमच्याकडं किती?" दुसऱ्या हंगामात गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली. परत खेळली, पण ती जुनी झेप राहिली नाही हे तिला सगळ्यांच्या आधी कळलं, आणि कुणी सांगायच्या आत तिनं थांबवलं. आता ती हुमनाबादजवळच्या एका शाळेत कंत्राटावर क्रीडाशिक्षिका आहे.

लोक विचारतात, ती दोन वर्षं गेली नसती तर देशाकडून खेळली असती का? कनिष्ठ राष्ट्रीय शिबिरासाठी मुली नेमक्या त्या वयात निवडतात, हे खरं आहे. तिच्या शिबिरातल्या दोघी पुढं गेल्या, हेही खरं आहे. अक्का म्हणते, "मला म्हाईत न्हाई." मला हे उत्तर पुरत नाही. पण तिच्या वतीनं दुसरं उत्तर छापायचा अधिकार मला नाही, एवढं मी शिकले. हा लेख तिनं आधी वाचला. दोन ठिकाणी तिनं खोडलं, ते मी परत लिहिलं नाही.

ज्याचा राग यावा ते मात्र मी सोडणार नाही. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. एका हंगामात एका ठिकाणी, हे बरोबर आहे. पण बंगळुरूच्या मुलीला आणि हळ्ळीखेडच्या मुलीला तो एकच छापील अर्ज देताना, जिची आत्या सीमेपलीकडे आहे तिला एक वाक्य जास्त सांगावं लागतं, हे कुणाला का सुचत नाही? "दरवेळी होतं" म्हणणाऱ्यांना ते दरवेळी माहीत होतं. मग दरवेळी आधी का सांगितलं नाही? आणि आमच्या गावच्या पुढाऱ्यांना, ज्यांनी ती राज्याच्या संघात गेल्यावर एका रात्रीत चौकात फलक लावला, त्यांना विचारायचंय, बंदीच्या दोन वर्षांत तुम्ही कुठं होता? फलकावर तिचा फोटो होता. उजव्या कोपऱ्यात, सगळ्यात लहान.

अक्का सकाळी शाळा भरायच्या आधी बारा मुलींना शिकवते. बौद्धवाड्यातल्या आहेत, शेतकऱ्यांच्या आहेत, दोघी हायवेवरच्या धाबेवाल्यांच्या. गेल्या महिन्यात जिल्ह्याच्या नोंदणीचे अर्ज आले. तिनं ते वाटले नाहीत. सगळ्यांना कडुलिंबाखाली बसवलं, आईबापांनाही बोलावलं आणि एका मुलीला अर्ज मोठ्यानं वाचायला लावला. एक ओळ कन्नडमध्ये, मग तीच ओळ मराठीत सांगायची. पालक कंटाळले. एक काका उठायला लागले.

"मास्तरीणबाई, सही कुठं करायची ते दावा की. माझं दूध जायचंय डेअरीला."

"अण्णा, दूध नासलं तर उद्या परत निघतंय. बसा."

तिसऱ्या पानावरची ती ओळ आली. इतर राज्याच्या संघटनेकडे नोंदलेली नाही.  अक्का एकेकीला विचारत गेली. "सुट्टीत कुठं गेलतीस? मामाकडं? मामाचं गाव कुठलं? तिथं खेळलीस का? कागदावर नाव घातलं का कुणी?" त्या दूधवाल्या काकांची मुलगी खाली बघायला लागली. ती दिवाळीत देवणीला मामाकडं गेली होती. तिथल्या संघातून खेळली होती. हो, एका सरांनी नाव लिहून घेतलं होतं.

काका म्हणाले, "मग काय झालं? मामाच हाय की. परका हाय का?"

अक्कानं त्यांना पाणी दिलं आणि पहिल्यापासून सांगितलं. आमचंच सांगितलं, गुलाबी कागदासकट. मी तिथंच बसले होते. काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "व्हय का गं? तूच का ती?"

"मीच."

"लई शहाणी हायस."

त्या दिवशी त्यांनी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी दूध बायकोवर सोपवून ते मुलीला घेऊन देवणीला गेले. सर भेटले नाहीत, परत गेले. तिसऱ्या खेपेला ना हरकत पत्र हातात पडलं. मग सही झाली. ती मुलगी आता नोंदलेली आहे, बीदर जिल्ह्याकडून, राजरोस. उजवा पाय भारी आहे तिचा, डावा कच्चा आहे. अक्का त्याच्या मागं लागलीय.

तुमच्या घरात, गल्लीत, शाळेत खेळणारी एखादी मुलगी असेल. आज तिचा अर्ज मागून घ्या. तिला शेजारी बसवून शेवटच्या पानापर्यंत मोठ्यानं वाचा, आणि तुम्हाला ती लिपी येत नसेल तर येणाऱ्याला बोलावून वाचून घ्या. मामाकडं, आत्याकडं, मावशीकडं तिचं नाव कुठं लिहिलं गेलंय का ते विचारा. लिहिलं असेल तर सहीच्या आधी बस धरा आणि ते ना हरकत पत्र घेऊन या.